रणांगणावरील निःशस्त्र सेवक : थिओडोर हार्डी



यंदाच्या मालेतील एक पुष्प आम्ही गुंफावे असे चालकांनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात माथाडी कायदा, किमान वेतन किंवा जिनातले कामगार असा एखादा विषय असावा. आमचे आयुष्य त्याच कामात गेले असल्याने ती अपेक्षा रास्तच होती. आम्ही विषय कळविला तो मात्र 'लष्करातील एक पाद्री'. कागद न्यायला आलेल्या तरुण मित्राने तो दोनदा वाचला आणि विचारले, "भाऊ, हे तुमचंच आहे ना?"

आमचेच आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण बाजारातल्या पोत्यांच्या थप्पीवर बसून, ग्रंथालयातून आणलेल्या आणि रद्दीच्या दुकानात किलोवर मिळालेल्या पुस्तकांनी झाले. इंग्रजी आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो आणि अजूनही तो शेजारीच असतो. अशाच रद्दीत एका इंग्रज धर्मोपदेशकाचे चरित्र हाती लागले. आम्ही पूजापाठ करणारे नव्हे, आणि युद्धाचे गोडवे गाणारे तर मुळीच नव्हे. तरीही त्या चरित्राने आम्हाला आमच्या धंद्यातली एक चूक दाखविली. ती कोणती, हे आम्ही शेवटी सांगू. आधी त्या माणसाची हकीकत ऐका.

पण विलायतेला जाण्यापूर्वी थोडे घरीच थांबू. धर्माच्या माणसाचे युद्धात काय काम, हा प्रश्न आपल्या वऱ्हाडाला नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील यावलीत 30 एप्रिल 1909 रोजी जन्मलेला एक शिंप्याचा मुलगा, माणिक बंडोजी इंगळे, पुढे तुकडोजी महाराज म्हणून घरोघर पोहोचला. मोझरीचा गुरुकुंज आश्रम, 'ग्रामगीता', खंजिरीवरची भजने हे सारे आपणांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. 1942 साली इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले, कारण त्यांच्या भजनांनी माणसे घरात बसत नाहीत, रस्त्यावर येतात, हे सरकारला कळून चुकले होते. हेच महाराज 1962 साली चीनशी युद्ध जुंपले तेव्हा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सीमेवर गेले आणि जवानांपुढे खंजिरी वाजवून त्यांना धीर दिला. 1965 च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धाच्या वेळी ते पुन्हा गेले.

सैन्याच्या पटावर त्यांचे नाव नव्हते, अंगावर गणवेश नव्हता, पगार नव्हता. राजेंद्रप्रसादांनी दिलेले 'राष्ट्रसंत' हे नाव हेच त्यांचे पदक. त्यांनी बंदूक उचलली नाही. व्यवहारी माणूस विचारील, मग त्यांचा उपयोग काय झाला? थंडीत खंदकात बसलेल्या पोराला गाण्याने काडतूस मिळते काय, की उबदार बूट मिळतात? मिळत नाहीत. तरीही कोणीतरी आपल्यासाठी एवढे चालून आले, एवढ्याने माणसाचा जीव थाऱ्यावर येतो, हे खरे. ते का खरे, याचा उलगडा आम्हाला ज्या माणसाच्या चरित्रातून झाला त्याचे नाव थिओडोर बेली हार्डी.

आता लष्करी धर्मोपदेशक म्हणजे काय, हे आधी पाहू. इंग्रजीत त्याला 'चॅपलेन' म्हणतात. या शब्दाचे मूळ मोठे बोलके आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन शिपाई होता. आमिएन्स शहराच्या वेशीत थंडीने कुडकुडणारा भिकारी त्याला दिसला. मार्टिनने तलवारीने आपल्या झग्याचे दोन तुकडे केले आणि एक त्याला दिला, अशी कथा आहे. पुढे तो झगा म्हणून जपलेले वस्त्र फ्रँक राजे लढाईत बरोबर नेत. लॅटिन भाषेत झग्याला 'काप्पा' म्हणत, त्यावरून ते वस्त्र सांभाळणाऱ्या पुरोहितांना जे नाव पडले, त्याचाच 'चॅपलेन' हा अवतार. म्हणजे या पदाच्या मुळाशी प्रवचन नाही, अर्धे वस्त्र आहे.

असा धर्मोपदेशक शस्त्र धरीत नाही. 1864 च्या जिनिव्हा करारापासून डॉक्टरांप्रमाणे त्यालाही लढाईबाहेरचा माणूस मानलेले आहे. आपल्या भारतीय सैन्यातही धर्मगुरूंचे पद आहे. पलटणीतल्या जवानांचा जो धर्म, त्याप्रमाणे पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री किंवा बौद्ध भिक्खू नेमले जातात, आणि जेथे निरनिराळ्या धर्मांचे जवान असतात तेथे एकाच छपराखाली 'सर्वधर्मस्थळ' असते. बाहेर मिरवणुकीच्या मार्गावरून डोकी फुटतात त्या देशात, सीमेवर एकाच भिंतीला टेकून चार प्रार्थना चालतात, ही गोष्ट आपण मनात ठेवण्यासारखी आहे.

आता हार्डीकडे वळू. त्यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1863 रोजी इंग्लंडातील एक्सेटर गावी झाला. वडील फिरते विक्रेते होते. ते लवकर वारले आणि आईने लहान मुलांची शाळा चालवून घर सांभाळले. मुलगा शिकला, लंडन विद्यापीठाचा पदवीधर झाला आणि शिक्षक बनला. नॉटिंगहॅमच्या हायस्कुलात त्यांनी सोळा वर्षे मुले शिकविली. मध्येच धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. मग बेंथम येथील शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. 1913 मध्ये शाळा सोडून ते हटन रूफ नावाच्या डोंगराळ खेड्यात लहानशा चर्चचे उपाध्याय म्हणून राहावयास गेले. पत्नी आजारी होती आणि उरलेले दिवस शांतपणे घालवावे एवढाच हेतू होता. 1914 साली पत्नीही गेली.

श्रोतेहो, आमच्या वयाच्या मंडळींनी क्षणभर विचार करावा. वय पन्नास उलटलेले. मुले मोठी झालेली. घरात दुसरे माणूस नाही. नोकरी बेताची पण निर्वेध. असा माणूस साधारणतः काय करतो? आपण जे करतो तेच करतो. गुडघे दुखतात म्हणतो आणि आपल्या काळी कसे होते ते तरुणांना सांगतो.

त्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेड्यातली पोरे भरती होऊन जाऊ लागली. हार्डींनी सैन्यात धर्मोपदेशक म्हणून घ्यावे असा अर्ज केला. उत्तर आले की वय जास्त आहे. तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा नकार आला. धर्मोपदेशक नाही तर जखमी वाहणारा म्हणून तरी घ्या, अशीही त्यांची तयारी होती. अखेर माणसे कमी पडू लागली आणि 1916 च्या ऑगस्टमध्ये त्यांना घेतले. युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश सैन्यात अवघे 117 धर्मोपदेशक होते. 1918 अखेर त्यांची संख्या जवळजवळ साडेतीन हजारांवर गेली. मागणी वाढली की वयाची अट सैल होते, हे आम्हा कामगारांना शिकवावे लागत नाही.

आधी त्यांना फ्रान्समध्ये मागच्या तळावर ठेवले. अनेक धर्मोपदेशक मागेच असत, कारण युद्धाच्या आरंभी त्यांनी आघाडीच्या खंदकांपर्यंत जाऊ नये असाच वरिष्ठांचा रोख होता. इस्पितळात पत्रे लिहून द्यावी, रविवारी प्रार्थना सांगावी, दफनविधी करावा, एवढे त्यांचे काम. खंदकातल्या शिपायाला हे दिसत होते. त्याच्या दृष्टीने पाद्री हा कॅप्टनच्या दर्जाचा, कॅप्टनचे जेवण जेवणारा आणि तोफांच्या टप्प्याबाहेरून स्वर्गाचा पत्ता सांगणारा माणूस होता. अशा माणसाच्या बोलण्याला काय किंमत मिळणार?

1916 च्या अखेरीस हार्डींची लिंकनशायर पलटणीच्या आठव्या बटालियनवर नेमणूक झाली. आघाडीकडे निघण्यापूर्वी त्यांची गाठ जेफ्री स्टडर्ट केनेडी या दुसऱ्या धर्मोपदेशकाशी पडली. केनेडी वयाने वीस वर्षांनी लहान, पण खंदकात राहून आलेले. शिपायांना ते वुडबाइन नावाच्या स्वस्त सिगारेटी वाटत, म्हणून पोरांनी त्यांना 'वुडबाइन विली' असे नाव ठेवले होते. त्रेपन्न वर्षांच्या शिक्षकाने तेहेतीस वर्षांच्या तरुणाला नम्रपणे विचारले की, हे काम नीट कसे करावे? केनेडींनी सांगितलेल्या उत्तराचे सार असे : माणसे जेथे राहतात तेथे राहा, ती जेथे जातील तेथे जा. मागे बसून केलेला उपदेश फुकट जाईल. पुढच्या रांगेत दिसलात तर तुमचे म्हणणे ऐकतील. पिशवीत सिगारेटी ठेवा आणि मनात माया ठेवा.

हार्डींनी हा सल्ला अक्षरशः पाळला. ते मोठे वक्ते नव्हते. लाजाळू, सडपातळ, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. दिवसभराची कामे आटोपली की रात्री खांद्याला पिशवी लावून ते खंदकांतून फिरत. पिशवीत सिगारेटी, गोळ्या, असलेच काही. अंधारात पावले वाजली की पहाऱ्यावरच्या पोराचा हात बंदुकीकडे जाई, कारण शत्रू थोड्याच अंतरावर असे. मग हलक्या आवाजात शब्द येत, "अरे, मीच आहे." एवढेच. मी अमुक धर्मोपदेशक, अमुक दर्जाचा, असे काही नाही. पोरे हसत आणि जागा करून देत. हे तीन शब्द त्या बटालियनमध्ये त्यांची ओळख बनले.

1917 च्या पावसाळी महिन्यांत बेल्जममधील ईप्र शहरासमोर जी लढाई झाली, तिचे दुसरे नाव पाशेंदाल. तोफांनी जमिनीतले पाण्याचे मार्ग फोडले, पाऊस थांबेना आणि शेते चिखलाचे डोह झाली. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात बैलगाडी कशी रुतते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तो चिखल दहापट करावा आणि त्यात जखमी माणसे कल्पावी. आदल्या रात्री काही माणसे दोन्ही सैन्यांच्या मधल्या चिखलात अडकून राहिली होती. त्यांना सोडवायला निघालेल्या तुकडीबरोबर हार्डी आपण होऊन गेले. त्यांचे मनगट मोडलेले होते. इतरांना ओढून काढले, पण एक माणूस काही केल्या निघेना. अशा वेळी हिशेब अगदी सोपा असतो. हा वाचणार नाही, गोळीबार चालू आहे, चला. हार्डी गेले नाहीत. ते त्या माणसाजवळ त्याचा जीव जाईपर्यंत थांबले.

या कामाबद्दल त्यांना डी. एस. ओ. हे पदक मिळाले आणि त्याच वर्षी जखमींच्या सेवेबद्दल मिलिटरी क्रॉसही मिळाला. येथे आम्ही चरित्र मिटून बराच वेळ बसलो. कारण त्या रात्री हार्डींनी कोणालाच वाचविले नाही, असे कोणी म्हणेल. आम्हाला वाटते की त्यांनी त्या माणसाला एकटेपणातून वाचविले. मरणारा मेलाच, पण टाकून दिलेला म्हणून मेला नाही. आणि मागे परतलेल्या प्रत्येक शिपायाला हे कळले की, उद्या आपण असे अडकलो तर कोणीतरी थांबेल.

पुढच्या वर्षी, 1918 च्या एप्रिलमध्ये, जर्मन सैन्याने मोठी मुसंडी मारली होती. फ्रान्समधील बुक्वा या गावाजवळ आणि गोमकूरच्या पूर्वेला 5 एप्रिल आणि 25 ते 27 एप्रिल या दिवसांत हार्डींनी जे केले, त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकदा गस्तीची तुकडी शत्रूच्या ठाण्यावर गेली. गोळीबाराचा आवाज ऐकून हार्डी तिच्या मागोमाग गेले. आपल्या पुढच्या रांगेच्या चारशे यार्ड पुढे एक अधिकारी जबर जखमी पडलेला सापडला. मदत येईपर्यंत ते त्याच्यापाशी राहिले. दुसऱ्यांदा तोफगोळा एका ठाण्याच्या मध्यावर पडला आणि माणसे मातीत गाडली गेली. मारा चालू असताना हार्डी पुढे धावले आणि त्यांनी माती उपसून गाडलेल्या एका माणसाला बाहेर काढले. तिसऱ्यांदा एका रानावरचा हल्ला फसला. सगळे परतल्यावर हार्डी एका सार्जंटाकडे येऊन म्हणाले की एक माणूस राहिला आहे, मला एकट्याने उचलवत नाही, कोण येतो? तो जखमी शत्रूच्या काँक्रीटच्या बुरुजापासून अवघ्या दहा यार्डांवर पडला होता. सार्जंट गेला. एकाने एका बाजूने, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने धरून त्याला आणले.

त्या प्रसंगात आम्हाला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची मदत मागण्याची रीत. 'तू जा' असे ते म्हणाले नाहीत. ते आधी जाऊन आले होते आणि आता पुन्हा निघाले होते. 'चल, मी आहे' असे म्हणणाऱ्याच्या मागे माणूस जातो.

9 ऑगस्ट 1918 रोजी फ्रान्समध्येच राजे पाचवे जॉर्ज यांनी त्यांच्या छातीवर ते पदक लावले. मुलगी रेडक्रॉसमध्ये काम करीत होती, तीही त्या वेळी हजर होती. हार्डींना मात्र पदकांचा संकोच वाटे. राजांनी त्यांना आपल्या खास धर्मोपदेशकांत नेमले. तिचा एक हेतू उघड होता. या वृद्ध माणसाने आता पुरेसे केले आहे, त्याने घरी यावे. घरी परतण्याचा तो सन्मानाचा मार्ग होता आणि कोणीही नावे ठेवली नसती. हार्डींनी माणसांना सोडून येण्यास नकार दिला.

11 ऑक्टोबर 1918 रोजी ब्रियास्त्रजवळ सेल नदी ओलांडताना मशीनगनची गोळी त्यांच्या मांडीत लागली. रूआँच्या इस्पितळात त्यांना न्यूमोनिया झाला आणि 18 ऑक्टोबरला ते गेले. दोन दिवसांनी त्यांना पंचावन्न वर्षे पूर्ण झाली असती. चोवीस दिवसांनी, 11 नोव्हेंबरला, युद्ध थांबले. पंचांगाच्या हिशेबाने तो संत मार्टिनचा दिवस, म्हणजे झग्याचे दोन तुकडे करणाऱ्या त्याच शिपायाचा. त्या महायुद्धात शस्त्र न उचललेल्या माणसांत हार्डींइतकी मोठी पदके फार थोड्यांना मिळाली. त्यांची कबर रूआँ येथे आहे.

आपणांपैकी काहींना वाटत असेल की हे सारे दूरदेशीचे आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. त्या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले धर्मोपदेशक तीनच. त्यांपैकी विल्यम अॅडिसन हे ज्या ठिकाणी जखमींना उचलीत होते ते ठिकाण फ्रान्समध्ये नव्हते, इराकमध्ये टायग्रिस नदीकाठी होते, आणि तारीख होती 9 एप्रिल 1916. ती लढाई कशासाठी होती? नदीच्या वरच्या अंगाला कुत येथे पुण्याची सहावी डिव्हिजन वेढ्यात अडकली होती, तिला सोडविण्यासाठी. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. आपली माणसे तेथे उपाशी होती. घोडे मारून खाण्याची वेळ आली, तेव्हा हे मांस खावे की न खावे हा धर्माचा प्रश्न उभा राहिला. अनेकांनी बराच काळ ते खाल्ले नाही. अखेर भारतातल्या धर्माधिकाऱ्यांकडून परवानगीचे निरोप मागवावे लागले. 29 एप्रिल 1916 रोजी कुत पडले आणि हजारो जवान कैदेत गेले. तेव्हा युद्धात धर्माचे काम केवळ प्रार्थनेचे नसते. 'आपद्धर्म म्हणून खा, जगा, पाप लागणार नाही' असे पोराला त्याच्याच भाषेत, त्याच्याच पंगतीत बसून सांगणारा माणूस लागतो. दूरवरून आलेल्या तारेला ते बळ नसते.

आता एक आक्षेप घेतला पाहिजे. तो आमचाच आहे. देवाच्या माणसाने युद्धात जाऊन शिपायांना धीर देणे म्हणजे युद्धालाच आशीर्वाद देणे नव्हे काय? लिंकनशायरचा शेतमजूर आणि जर्मनीचा खाणकामगार यांचे आपसांत वैर ते काय होते? युद्धे कचेऱ्यांत ठरतात आणि कामकऱ्यांची पोरे ती लढतात. धर्मोपदेशकाने हे बोलावयास नको होते काय?

हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर हार्डींच्या चरित्रात मिळत नाही. विचार करीत बसण्याएवढे आयुष्यच त्यांना मिळाले नाही. त्यांना सल्ला देणाऱ्या केनेडींना ते मिळाले. केनेडींनीही युद्धात शौर्य गाजविले, मिलिटरी क्रॉस मिळविला आणि तरुण शिपायांना चेव आणणारी भाषणेही केली. युद्धानंतर मात्र ते उघडपणे म्हणू लागले की युद्ध हे पाप आहे. उरलेले आयुष्य त्यांनी कामगारांत घालविले. कारखान्यांच्या दारांशी आणि बेकारांच्या वस्त्यांत ते फिरले आणि बोलले. 1929 च्या मार्चमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, असेच फिरतीवर असताना लिव्हरपुलात ते वारले. खंदकाचा रस्ता त्यांना गिरणीच्या फाटकाशी घेऊन आला, याचे आम्हाला नवल वाटत नाही. जो माणसांबरोबर राहतो, त्याला आज ना उद्या माणसांच्या दुःखाचे कारण विचारावेच लागते. पण आधी बरोबर राहावे लागते. कारण विचारणाऱ्याचा अधिकार तेथूनच येतो.

असो. आता आमची चूक.

पुष्कळ वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका गोदामात आमच्या संघटनेचे हमाल काम करीत. आम्ही दर आठवड्यास फाटकाशी सभा घेत असू. आमचे भाषण बरे होई, टाळ्या पडत. मजुरीचे दर, भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई, सारे आम्हाला तोंडपाठ. एका रात्री ट्रक भरताना पोत्यांची थप्पी कोसळली आणि एका हमालाच्या पायावर आली. मांडीचे हाड मोडले. निरोप आम्हाला रात्रीच मिळाला होता. 'सकाळी येतो, कागदपत्रे नीट करतो' असे आम्ही कळविले आणि झोपलो. सकाळी गेलो, अर्ज लिहिला, भरपाईसाठी पुढे भांडलो आणि ती मिळवूनही दिली. त्यात आम्ही कसूर केली नाही.

पण त्या सकाळी इस्पितळाच्या ओट्यावर एक म्हातारा हमाल रात्रभर बसून होता. तो आम्हाला म्हणाला, "भाऊ, तुमी बोलता लय चांगलं. पन राती टरक लागते तवा तुमी कोठी रायता?"

यात राग नव्हता. राग असता तर आम्ही उत्तर दिले असते, कारण उत्तरे आम्हाला पुष्कळ येतात. तो खरोखरच विचारीत होता. आम्ही त्याच्याजवळ ओट्यावर बसलो. पहिल्यांदाच.

पुढे काही वर्षांनी हार्डींचे चरित्र वाचताना, मागच्या तळावरच्या धर्मोपदेशकांचे वर्णन आले, तेव्हा आम्ही स्वतःला ओळखले. आम्ही मागच्या तळावरचे पाद्री होतो. उपदेश खरा, कायदा खरा, हेतूही खरा, पण जागा चुकलेली. म्हातारा आम्हाला जे म्हणाला तेच केनेडी हार्डींना म्हणाले होते. फरक एवढाच की हार्डींनी आधी विचारले, आणि आम्हाला एक माणूस जायबंदी झाल्यावर ऐकावे लागले.

तेव्हापासून आठवड्यातून दोन रात्री तरी आम्ही गोदामांवर, जिनांवर, दाल मिलच्या फाटकांवर जातो. जाऊन फार काही करतो असे नाही. चहा पितो, पोते लावताना दिवा नीट आहे की नाही पाहतो, थप्पी फार उंच गेली तर बोलतो. एका रात्री अंधारातून कोणी ओरडले, "कोन हाय रे?" आणि आमच्या तोंडून सहज गेले, "मीच आहे." हे शब्द कोणाचे, ते त्या पोरांना ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "मंग ये ना भाऊ, चा घे."

श्रोतेहो, आपणांपैकी कोणी शिक्षक आहेत, कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी सार्वजनिक कामे करणारे. आपण सगळेच कोणाला ना कोणाला काही सांगत असतो. तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन सीमेवर गेले ते त्रेपन्नाव्या वर्षी. हार्डी खंदकात उतरले तेही त्रेपन्नाव्याच. दोघांनाही घरी बसण्यास सबब पुरेशी होती. एक गाणारा, दुसरा लाजाळू मितभाषी. त्यांचे धर्म वेगळे, भाषा वेगळी, युद्धे वेगळी. पण दोघांनीही आधी अंतर तोडले आणि मग तोंड उघडले. ज्याचे दुःख आहे त्याच्या शेजारी जागा घेतल्यावाचून त्याला शहाणपण सांगू नये, एवढाच त्यांच्या आयुष्यांचा धडा आम्हाला समजला आहे, आणि तोही उशिरा.

तो म्हातारा हमाल आता हयात नाही. त्याचा नातू आमच्या संघटनेत आहे आणि आज येथे मागच्या रांगेत बसला आहे. सभा संपल्यावर आम्हाला त्याच्याबरोबर जावयाचे आहे. आज रात्री ट्रक लागणार आहेत.